मोटारींची शर्यत आणि चित्रपट

मोटारींची शर्यत आणि चित्रपट हीं दोन भावंडें एकाच देशांत, जवळजवळ एकाच वेळीं पाय टाकूं लागलीं. १८९५ च्या जून महिन्यांत पॅरिसहून बोर्दोपर्यंत आणि तेथून परत अशी मोटारींची शर्यत झाली. त्याच वर्षीं २८ डिसेंबरला ल्युमिए बंधूंनीं पॅरिसमध्यें तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना हलतीं चित्रें दाखविलीं. गति हाच दोघांचा प्राण. मग एकानें दुसऱ्याचा विषय व्हावें यांत नवल तें काय? परंतु हा विषय चांगला आहे काय, या प्रश्नाला इतिहासाचें उत्तर इतकें सरळ नाहीं.

१९१४ सालीं अमेरिकेंतील व्हेनिस गांवीं मुलांच्या मोटारींची शर्यत चालली असतां एक छोटा विनोदी चित्रपट घेण्यांत आला. ढगळ विजार घातलेला, हातांत छडी असलेला एक भटक्या पुन्हां पुन्हां कॅमेऱ्यापुढें येतो आणि पुन्हां पुन्हां हांकलला जातो. तो भटक्या म्हणजे चार्ली चॅप्लिन. या वेषांत प्रेक्षकांनीं त्याला प्रथम पाहिलें तें येथेंच. शर्यत कोणी जिंकली याची आज कोणी चौकशीही करीत नाहीं. भटक्या मात्र अजरामर झाला.

पुढें साधनें वाढलीं. १९६६ च्या ‘ग्रां प्री’ चित्रपटांत जॉन फ्रँकनहायमर यानें धांवत्या मोटारींवर कॅमेरे बसविले आणि प्रेक्षकाला जणूं चालकाच्या शेजारीं नेलें. १९७१ च्या ‘ल माँ’ चित्रपटांत शर्यतीपुढें संवादही मागें पडले. त्याच्या चित्रीकरणांत अपघात होऊन डेव्हिड पायपर या खऱ्याखुऱ्या शर्यतपटूला एका पायाचा भाग गमवावा लागला. डोळ्यांच्या हौसेसाठीं दिलेली ही किंमत थोडी नव्हे! आणि इतकें करूनही अडचण उरतेच. एक वळण दुसऱ्यासारखें दिसतें, आणि ज्या मुद्रेवर नाट्य उमटावयाचें ती शिरस्त्राणांत झांकलेली असते.

ही अडचण कशी सुटते, तें निकी लाउडा याच्या चरित्रावरून दिसतें. १ ऑगस्ट १९७६ रोजीं जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग येथें त्याच्या मोटारीनें पेट घेतला आणि तो मरणाच्या दारांतून परत आला. अवघ्या सहा आठवड्यांनीं, जखमा पुरत्या भरल्या नसतांना, तो इटलींत मोंझा येथें पुन्हां शर्यतींत उतरला व चौथा आला. परंतु जपानमध्यें फुजी येथील अखेरच्या शर्यतींत मुसळधार पाऊस पाहून त्यानें दोन फेऱ्यांनंतर आपण होऊन मोटार थांबविली. जगज्जेतेपद जेम्स हंट याच्याकडे गेलें, तें केवळ एका गुणानें. २०१३ सालीं रॉन हॉवर्ड यानें ‘रश’ या चित्रपटांत हीच कथा सांगितली.

धांवण्याचें धैर्य पुष्कळांना असतें. जगाच्या डोळ्यांदेखत थांबण्याचें धैर्य विरळा. त्या एका क्षणीं शिरस्त्राणाआडचा माणूस दिसतो. केवळ वेग दाखविणारा चित्रपट नेत्र दिपवील. पण हा माणूस दाखवील, त्यालाच मोटारींच्या शर्यतींत खरा विषय सांपडेल.