पिवळ्या पाटीचा फोन

परगावी गेलेल्या माणसाने घरी खुशाली कशी कळवावी? पूर्वी तारघरात ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागे. १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान एसटीडी सुरू झाली. ऑपरेटरची गरज संपली. पण फोन होता कितीजणांकडे? ही अडचण १९८० नंतरच्या दशकात पसरलेल्या एसटीडी-पीसीओंनी दूर केली. एक्स्चेंजकडून येणारे स्पंद मीटर मोजी. अंतर जितके जास्त, तितके स्पंद जलद, आणि बिल मोठे. रात्री अकरानंतर दर पाव होई, म्हणून तेव्हाच रांगा लागत! आकडा ग्राहकासमोर उमटे, त्यामुळे फसवणुकीला वाव कमी. १९९५ साली मोबाइल आला आणि पुढे हे बूथ ओस पडले. तरी, स्वतःचा फोन नसलेल्यांचा आवाज घरापर्यंत पोचला तो या पाटीखालूनच.