कापसाची फवारणी आणि मजुराचा श्वास

चाकणच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्या विदर्भातल्या पोरांना गाव का सोडले हे विचारा. अनेकांचे उत्तर कापसापाशी येऊन थांबते. याच कापसाच्या औषधाचा एक धागा पिंपरीत आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे याच कारखान्याचे स्ट्रेप्टोसायक्लिन शेतात गेले. कापसाच्या पानावर शिरांच्या आत अडकलेले कोनाकार, पाणचट ठिपके पडतात. तो जिवाणूजन्य करपा. रोगाचे जिवाणू बियाण्यातून येतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून पसरतात. त्यावर बीजप्रक्रियेत आणि ताम्रयुक्त औषधासोबत फवारणीत हे प्रतिजैविक वापरले गेले. जनतेच्या पैशातून उभे राहिलेले विज्ञान बांधापर्यंत पोहोचले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण पंप कोणाच्या पाठीवर होता?

२००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी संपली, असे सांगण्यात आले. गुलाबी बोंडअळीने काही वर्षांतच त्या वाणाला दाद देणे सोडले. ही अळी बोंडात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तरी फवारण्या वाढल्या. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मजुरांनी मास्क, हातमोजे वापरले नाहीत, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे मेलेल्यावरच दोष!

मित्रांनो, ही रीत जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना काम मिळत नसे, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. जास्त मजुरीच्या धाग्याला आमचे ओठ चालत नव्हते. विषाच्या पंपाला मात्र भूमिहीनाचा श्वास चालतो.

मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४६ साली कारखान्यातला कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती मांडली. कामाची जागा धोक्याची असेल तर जबाबदारी मालकाची, हे तत्त्व कारखान्यात निदान कागदावर तरी आले. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. त्यांत संरक्षक कपड्यांची तरतूद आहे. मग चाकणला हेल्मेट कंपनीने द्यायचे आणि यवतमाळला मास्क मजुराने विकत घ्यायचा, हा कुठला न्याय?

उपाय अवघड नाहीत. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ नर पतंग सापडले तरच फवारणीचा विचार करायचा. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरायचा. डिसेंबरअखेर पीक संपवायचे, फरदड घ्यायची नाही, पऱ्हाट्या शेतात ठेवायच्या नाहीत. कमी फवारण्या म्हणजे शेतकऱ्याचा खर्च कमी आणि मजुराचा धोकाही कमी.

गावी जाल तेव्हा एवढे विचारा: फवारणाऱ्याला कपडे कोणी दिले, औषधाचे नाव त्याला सांगितले का, दवाखान्याचा खर्च कोण देणार? प्रश्न लेखी ग्रामसभेत मांडा. कारखान्यात हक्क मागणाऱ्यांनी आपल्या बापाच्या पाठीवरचा पंप विसरू नये.

जय भीम!