डब्याखालची बॅटरी

1881 च्या ऑक्टोबरात लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या ‘बीट्रिस’ नावाच्या पुलमन डब्यात विजेचे दिवे लागले. डब्यात वीज तयार करायची काही सोय नव्हती. सेल स्टेशनात भरून घ्यायचे आणि पुरतील तितके पुरवायचे. म्हणजे पहिल्या दिवसापासून प्रश्न एकच: अजून किती शिल्लक आहे? रेल्वेच्या टीएल खात्यात, म्हणजे ट्रेन लाइटिंगमध्ये, निवृत्तीपर्यंत मी याच प्रश्नावर पगार घेतला. आता माझा पुतण्या व्हॅनमध्येच घर थाटून फिरतो. टपावर सोलर पॅनेल, सीटखाली लिथियमची बॅटरी, मोबाइलवर तिचे टक्के. हे सगळं आपल्याच पिढीनं काढलं असा त्याचा समज आहे.

डब्याच्या आसावरून पट्टा घेऊन डायनॅमो फिरवायची पद्धत डेप्टफर्डच्या जे. स्टोन कंपनीने 1890 च्या दशकात रुळवली. ती रचना मला अजून आवडते. डायनॅमो पक्का आवळलेला नसे, एका दुव्यावर लोंबता ठेवलेला असे. वेग वाढला, ओढ ठरावीक मर्यादेपुढे गेली की डायनॅमो आसाकडे सरके, पट्टा सैल पडून घसरे आणि करंट तिथेच थांबे. गाडी मंदावली की फिरत्या वजनांचा गव्हर्नर डायनॅमोला बॅटरीपासून तोडून टाके. नाहीतर बॅटरीच डायनॅमोला मोटरसारखं फिरवत बसली असती. इंजिन दुसऱ्या टोकाला लागून डबा उलट धावू लागला, तर प्लस-मायनसही आपोआप बदले. एक ट्रान्झिस्टर नाही की चिप नाही. पुतण्याच्या चार्ज कंट्रोलरची अर्धी कामं चामड्याचा पट्टा करत होता.

आपल्याकडे आधी 24 व्होल्ट होते, पुढे 110 आले. दोन-दोन व्होल्टचे 56 सेल डब्याखालच्या पेट्यांत, आणि साध्या डब्याला साडेचार किलोवॅटचा अल्टरनेटर. जुन्या प्रवाशांना आठवत असेल, गाडी स्टेशनात फार वेळ उभी राहिली की दिवे पिवळे पडत, पंखे रेंगाळत आणि गाडी सुटल्यावर पुन्हा जीव धरत. पट्टा तुटलेला किंवा कुणी कापून नेलेला असेल, तर मात्र रात्रभर अंधार. मग पुढच्या स्टेशनात शिव्या खायला आम्ही.

गाडी पिट लाइनला, म्हणजे तपासणीच्या रुळावर, आली की ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, घ्यायची. सेलचं बूच काढायचं, हायड्रोमीटरची नळी आत घालायची, रबरी फुगा दाबून सोडायचा आणि आतला काचेचा तरंगा कुठल्या आकड्यावर उभा राहतो ते वाचायचं. भरलेल्या सेलला 1215 च्या आसपास. सेल उतरतो तसं ॲसिडमधलं सल्फेट प्लेटांत जातं, ॲसिड पातळ होतं, तरंगा खाली बसतो. हिशेब 27 अंश तापमानाचा, त्याहून दर 10 अंश जास्तीला वाचलेल्या आकड्यात 7 पॉइंट मिळवायचे. रोज सगळे सेल बघणं शक्य नसे म्हणून नमुन्यादाखल एखादा पायलट सेल धरलेला. डिस्टिल वॉटर घातल्या-घातल्या आकडा घेणारा नवशिका लगेच पकडला जाई. पाणी वरच राहतं, आकडा खोटा पडतो. आधी चार्ज होऊ द्यावं, मिसळू द्यावं, मग मोजावं. आणि ॲसिडने गणवेशाला भोकं पडलेला माणूस कुठल्या खात्यातला, हे यार्डात कुणी विचारत नसे.

व्होल्टमीटरवर आमचा भरवसा बेताचाच होता. चार्जिंगवरून नुकती काढलेली बॅटरी फुगवून सांगते, पंखे चालू असताना कमी सांगते. लिथियम आयर्न फॉस्फेटचं तर विचारूच नका. साधारण 20 ते 90 टक्क्यांपर्यंत सेलचं व्होल्टेज 3.2-3.3 च्या आसपासच घुटमळतं, आणि बूच उघडून चाखायला आत ॲसिडही नाही. म्हणून व्हॅनमध्ये मायनसच्या वाटेवर शंट बसवतात. 500 ॲम्पिअर गेले तर 50 मिलिव्होल्ट पडतील अशी पट्टी. त्यावरून मीटर आलेले-गेलेले ॲम्पिअर-अवर मोजत राहतो.

हेही नवं नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या सँगॅमो कंपनीचे पाऱ्यावर चालणारे ॲम्पिअर-अवर मीटर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच विजेच्या मोटारींत आणि रेल्वेच्या डब्यांत होते. चार्ज होताना काटा मुद्दाम थोडा सावकाश फिरे, कारण शिशाच्या बॅटरीत घातलेलं सगळं परत मिळत नाही.

माझा आक्षेप मोजण्याला नाही, त्या टक्क्यांवर डोळे मिटून विसंबण्याला आहे. हायड्रोमीटर सेलच्या पोटात शिरून बघत होता. शंट म्हणजे वाण्याची वही. पोत्यात खरंच काय उरलंय ते ती बघत नाही. मोजणीत 0.1 ॲम्पिअरची चूक राहिली तर दिवसाला 2.4 आणि महिन्याला 72 ॲम्पिअर-अवर. 200 च्या बॅटरीत हा एक तृतीयांशाहून जास्त घोळ. बॅटरी मधूनमधून काठोकाठ भरली, व्होल्टेज वर टेकलं आणि करंट अगदी बारीक झाला, की मीटर स्वतःला 100 वर आणतो. पावसाळ्यात कोकणात आठ-आठ दिवस पॅनेलवर ऊनच पडलं नाही तर तो आकडा नुसता अंदाज असतो.

2017 च्या जुलैत, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, दिल्लीच्या सफदरजंग स्टेशनात टपावर पॅनेल असलेली डेमू, म्हणजे डिझेलवरची लोकल, सुरू झाली. डब्यावर 300 वॉटची 16 पॅनेल, खाली बॅटरी. पेपरांनी तिला सौरगाडी करून टाकलं. गाडी ओढत होतं डिझेल इंजिनच. पॅनेलची वीज दिव्या-पंख्यांपुरती. तेवढंही आम्हाला मिळालं असतं तर पट्ट्याच्या तक्रारी निम्म्या झाल्या असत्या.

पुतण्याच्या बॅटरीत सेल फक्त चार. प्रत्येकाचं व्होल्टेज बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, वेगळं दाखवतं, पण ते पान तो उघडत नाही. मी व्हॅनमध्ये बसलो की आधी तेच बघतो: चार्ज पूर्ण होत आला असताना चारांत किती फरक पडतो. 56 सेलांत एक अधू निघाला तर सगळा डबा अंधारात जायचा. इथे तो चारांतला एक असेल.