पोलादी पाट्यांचा हिशेब

जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरात होहेनटोर नावाची गोदी आहे. तिच्या काठाची माती धरून ठेवण्याकरिता १९०२ साली पोलादी पाट्या एकीत एक अडकवून जमिनीत ठोकल्या. बांधकामावरची माणसे यांनाच शीट पाईल म्हणतात. युक्ती ट्रिग्वे लार्सेन या तेथील सरकारी इंजिनियराची. त्याआधी लाकडी खुंट असत, आणि खाऱ्या पाण्यातला किडा ते पोखरून टाकी.

पोलाद गंजेल, ही शंका रास्तच होती. परंतु अमेरिकेत मेल्विन रोमानॉफ यांनी जुने पाईल तपासून १९६२ साली दाखविले की, न उकरलेल्या जमिनीत गंज फारसा चढत नाही. तेथे प्राणवायूच तोकडा. खरा गंज लागतो तो लाटांचे तुषार उडतात त्या पट्ट्यात.

शिवाय पाटी उपसून दुसऱ्या कामाला लावता येते. निकामी झाली तर भंगार म्हणून वितळते. येथेच हिशेब मिटविणारांशी मात्र माझे जमत नाही. खनिजापासून एक टन पोलाद काढताना सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाटी जितकी वर्षे राबेल, तितके ते ओझे हलके.

आणि घणाचे काय? त्याच्या दणक्यांनी कान गेलेले कामगार युनियनच्या कचेरीत माझ्यासमोर बसतात. मी ओरडून बोलतो. आधी रोवलेल्या पाट्यांना धरून नवी पाटी मुकाट दाबून बसविणारे यंत्र जपानात १९७५ सालीच निघाले. ते महाग पडते, असे उत्तर ठेकेदारांकडून मला दोनदा मिळाले आहे.