काचेच्या दोन तुकड्यांमधली रेघ

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. ज्या शोधाच्या स्मरणार्थ तो पाळला जातो, त्या शोधाचे पहिले उपकरण मानवी डोळा होते.

१९२८ च्या प्रारंभी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन शुद्ध केलेल्या द्रवांतून जाणारा सूर्यप्रकाशाचा झोत अंधारात बसून न्याहाळत होते. झोताच्या वाटेत निळा-जांभळा फिल्टर होता आणि डोळ्यासमोर त्याला पूरक असा पिवळा-हिरवा. द्रवात प्रकाशाचा रंग बदलत नसेल, तर या दुसऱ्या काचेतून काहीच दिसायला नको. तरीही एक क्षीण रेघ दिसत होती.

अशा साक्षीवर विश्वास ठेवावा काय? अंधाराला पूर्णपणे सरावण्यास डोळ्याला सुमारे अर्धा तास लागतो. त्यानंतर नेत्रपटलातील दंडपेशी मोजक्या फोटॉनांचीही दखल घेऊ शकतात, मात्र त्यांना रंग ओळखता येत नाही. शिवाय दृष्टीच्या अगदी उंबरठ्यावर ‘आहे’ आणि ‘असावे’ यांतली सीमा पुसट होते.

याच उंबरठ्यावर फ्रान्समधील नान्सीचे रने ब्लाँडलो घसरले होते. १९०३ मध्ये त्यांनी ‘एन-किरण’ जाहीर केले. पुरावा काय, तर मंद ठिणगीचे तेज किंचित वाढलेले भासणे. ते इतरही अनेकांना भासले! १९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी अंधाराचा फायदा घेऊन उपकरणातला ॲल्युमिनियमचा लोलक गुपचूप काढून घेतला, तरी निरीक्षणे पूर्ववत चालूच राहिली. ब्लाँडलो लबाड नव्हते, आणि म्हणूनच ही हकिकत अधिक अस्वस्थ करते.

पूरक फिल्टरांच्या युक्तीचे मोल इथे कळते. तिथे डोळ्याला ‘किती’ असे विचारले जात नाही, केवळ ‘आहे की नाही’ एवढेच विचारले जाते. फिल्टरच सदोष असल्याची शंका आली, तर डोळ्यासमोरची काच उचलून तीही झोताच्या वाटेत ठेवावी. रंग खरोखर द्रवातच बदलत असेल, तर रेघ मावळली पाहिजे. नान्सीत लोलक नाहीसा होऊनही काही बदलले नव्हते.

त्यानंतर पाऱ्याचा दिवा, वर्णपटदर्शक आणि फोटोची काच आली. डोळ्याने हेरलेल्या गोष्टीचे मोजमाप काचेवरच्या रेषांनी दिले. त्याच वर्षी अमेरिकेतून या शोधाला दुजोरा देणाऱ्यांत एन-किरणांचा भ्रम फोडणारे वुड स्वतः होते.

रामन यांचा डोळ्यावरचा भरवसा पुढे मात्र अंगाशी आला. १९६८ च्या ‘द फिजिऑलॉजी ऑफ व्हिजन’ या ग्रंथात, मुख्यतः स्वतःच्या दृश्य निरीक्षणांच्या बळावर, त्यांनी रंगदृष्टीचा त्रिरंगी सिद्धान्त नाकारला. एकेका शंकुपेशीचे प्रकाशशोषण मोजून अमेरिकेतील संशोधकांनी शंकुपेशींचे तीन प्रकार १९६४ मध्येच दाखवून दिले होते.