मेंढ्यांचा खुराक: अमिनो आम्ले कधी आणि कशी द्यावीत?
चाकण औद्योगिक पट्ट्यात चराऊ रान घटल्याने मेंढ्यांना प्रथिनयुक्त खुराक द्यावा लागतो. मात्र अमिनो आम्लांची साधी पावडर चारल्यास कोठीपोटातील सूक्ष्मजीव तिचे विघटन करतात. पैसा वाया जातो. मिथिओनिन, लायसिन द्यायचे असल्यास कोठीपोटात न विघटणारे, संरक्षित स्वरूपातीलच घ्यावे. त्याआधी पेंडयुक्त खुराकाची वेळ साधावी.

- मेंढा सोडण्यापूर्वी 2 ते 3 आठवडे रोज 200 ते 250 ग्रॅम खुराक द्यावा. रोड मेंढ्यांत स्त्रीबीजे जास्त सुटतात.
- गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा असतो. शेवटच्या 6 आठवड्यांत गर्भ झपाट्याने वाढतो. तेव्हा खुराक पुन्हा सुरू करावा.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या ‘नारी सुवर्णा’ मेंढ्या अनेकदा जुळी देतात. त्यांचा खुराक तोडल्यास कोकरे अशक्त जन्मतात, दूधही कमी पडते.