संघटनेचे सभासद का व्हावे? सॅन फ्रान्सिस्को आणि पुणे येथील दोन उदाहरणे

शिक्षण संपवून नोकरीला लागल्यावर व्यावसायिक संघटनेत जाऊन काय मिळते, असे विद्यार्थी विचारतात. ओळखी होतात, परिषदांना जाता येते, नव्या जागांची माहिती कळते, ही उत्तरे खरीच आहेत. पण ज्या समाजाची पहिली-दुसरी पिढीच कचेरीत किंवा प्रयोगशाळेत पोहोचली, त्याच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर वेगळे सापडते.

१९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अधिवेशन भरले असताना कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी ‘असोसिएशन ऑफ ब्लॅक सायकॉलॉजिस्ट्स’ ही स्वतंत्र संघटना काढली. वाद केवळ नोकऱ्यांचा नव्हता. शाळांतील बुद्ध्यंक चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गाची भाषा व सवयी गृहीत धरतात आणि त्यांच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात बसवले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. हे एकट्याने म्हटले असते तर वैयक्तिक मत ठरले असते. कॅलिफोर्नियातील ‘लॅरी पी.’ खटल्यात त्या परिसरातील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी मुलांची चाचणी त्यांच्या परिचयाच्या भाषेत पुन्हा घेतली, तेव्हा गुण वाढले. १९७१ मध्ये दाखल झालेल्या या खटल्यात १९७९ मध्ये निकाल मुलांच्या बाजूने लागला.

आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण पुण्याचे आहे. संरक्षण खात्याच्या स्फोटक संशोधन प्रयोगशाळेत १९६०च्या दशकाच्या मध्यास आंबेडकर जयंती व बुद्ध जयंतीच्या सुट्ट्या रद्द करण्यात आल्या. दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने विरोध केला आणि तो निलंबित झाला. दीनाभाना राजस्थानचे. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते नागपूरचे डी. के. खापर्डे आणि पंजाबातून आलेले संशोधन सहायक कांशीराम. अखेर नोकरीही परत मिळाली आणि सुट्ट्याही. याच प्रसंगाच्या सुमारास खापर्डे यांनी कांशीराम यांना बाबासाहेबांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ वाचायला दिले.

१९७१ मध्ये या मंडळींनी पुण्यात अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांची संघटना स्थापन केली. तिचेच देशव्यापी रूप म्हणजे ६ डिसेंबर १९७८ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, दिल्लीत जाहीर झालेली बामसेफ. मला इथे एक गोष्ट विशेष वाटते. एका कर्मचाऱ्याच्या निलंबनातून ज्या धडपडीची सुरुवात झाली, तिने पुढे बदली-बढतीच्या तक्रारी हाती घ्यायच्या नाहीत असे ठरवले. नोकरदाराला सभासदत्वातून काही मिळावे यापेक्षा त्याने बुद्धी, वेळ आणि पैसा आपल्या समाजाला परत द्यावा, ही अपेक्षा होती. आरक्षणामुळे तयार झालेला वर्ग समाजापासून तुटत चालला आहे, ही कांशीराम यांची टीका त्यामागे होती.

बामसेफ अराजकीय, अधार्मिक आणि आंदोलन न करणारी असेल, अशी तिची चौकट होती. भिलाईसारख्या सार्वजनिक उद्योगाच्या नगरात याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. इथे बहुतेक घरांना सेवानियम ठाऊक असतात, आणि मोर्चात फोटो निघाला तर काय होते हेही.

दोन्ही संघटनांत एक मोठा फरक आहे. अमेरिकेतील सभासद एकाच शास्त्राचे होते, म्हणून त्यांनी त्या शास्त्रालाच जाब विचारला. बामसेफमध्ये कारकून, डॉक्टर, शिक्षक, अभियंते एकत्र आले. पसारा वाढला, पण आपापल्या विषयाचे ज्ञान तपासण्याचे काम तिच्या हातून तितके झाले नाही, असे माझे मत आहे.

अराजकीय राहण्याची चौकटही ताणली गेली. कांशीराम यांनी १९८१ मध्ये डीएस-४ आणि १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष काढला. त्याच वर्षी ते तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, आता आपल्या छत्तीसगढमधील, जांजगीर येथून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. खापर्डे मात्र पक्षात गेले नाहीत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बामसेफ कर्मचाऱ्यांची संघटना म्हणून वेगळी चालवली.